कोडं अर्ध्यावर अडतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय की बँकेच्या परीक्षेसाठी पझल, म्हणजे दिलेल्या विधानांवरून कोण कुठे बसलंय ते शोधायचं कोडं, सोडवायला बसलं की पहिल्या दोन-तीन जागा झटकन भरतात आणि मग सगळं ठप्प होतं. विधानं तर सगळी वापरून झालेली असतात, प्रत्येकावर रेघ मारलेली असते. शेवटी तुम्ही एक नाव अंदाजाने कुठेतरी बसवता. कधी जुळतं, कधी दहा मिनिटं फुकट जातात. शेवटी विचारलंय, "अंदाज न करता हे सुटतं का, की ते हुशार मुलांनाच जमतं?"

सुटतं. नीट रचलेलं कोडं एकही अंदाज न करता सुटतं, आणि त्यात हुशारीपेक्षा लिहिण्याची सवय जास्त कामाला येते. मी गोव्यात फोंड्याला आमच्या घरच्या पडवीत अठरा वर्षं स्पर्धा परीक्षांची मुलं शिकवते आहे. दरवर्षी निम्मी मुलं नेमकी तुमच्यासारखीच अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वर्णनात मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे विधान एकदा वापरलं की त्यावर रेघ. दुसरी म्हणजे कागदावर फक्त कोण कुठे आहे एवढंच लिहिलेलं. कोण कुठे नाही हे तुम्ही वाचता, मनात म्हणता, आणि पुढच्या विधानाला लागता. ते कागदावर येतच नाही. कोडं अडतं तेव्हा लागणारी माहिती जवळजवळ नेहमी या न लिहिलेल्या 'नाही'मध्येच असते.

नुसतं सांगून हे पटणार नाही, म्हणून एक लहान कोडं रचते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळांचा) बाजार भरतो, तिथलंच घेऊ. शांता, पार्वती, गोकुळदास आणि विठू एका रांगेत टोपल्या मांडून बसलेत. आपण समोर उभे आहोत. आपल्या डावीकडून जागा 1, 2, 3, 4. एका टोपलीत चिबूड, एकीत तोरिंजनं, एकीत सुपारीचे कातरे, एकीत आंबाडे. कोणाकडे काय आहे आणि कोण कुठे बसलंय, ते शोधायचं. विधानं चारच:

पहिलं: चिबडांची टोपली शांताच्या टोपलीच्या डावीकडे कुठेतरी आहे.
दुसरं: विठू टोकाला बसलेला नाही, त्याच्याकडे चिबूड नाहीत आणि सुपारीही नाही.
तिसरं: तोरिंजनांची टोपली पार्वतीच्या लगेच डावीकडे आहे.
चौथं: सुपारीची टोपली आंबाड्यांच्या डावीकडे आहे आणि दोघींच्या मध्ये बरोबर एक टोपली आहे.

पुढे वाचण्याआधी एकदा स्वतः करून बघा. चारांपैकी एकही विधान सरळ 'अमुक इथे आहे' असं सांगत नाही. गोकुळदासचं तर नावसुद्धा कुठे नाही.

आता तक्ता. वरच्या बाजूला आधी चार वस्तू, त्यांच्या पुढे चार जागा. डाव्या बाजूला आधी चार माणसं, त्यांच्या खाली पुन्हा चार जागा. त्यामुळे तीन चौकटी तयार होतात: माणूस आणि वस्तू, माणूस आणि जागा, जागा आणि वस्तू. प्रत्येकीत 16 चौकोन, एकूण 48. जे नाही त्या चौकोनात फुली, जे नक्की आहे त्यात टिक; टिक आली की त्या चौकटीतल्या त्याच ओळीत आणि रकान्यात बाकी सगळ्या फुल्या. माणसं जागांवर 24 प्रकारे बसतील, वस्तूही 24 प्रकारे. म्हणजे 576 मांडण्या, त्यांतली एक खरी.

पहिलं विधान घ्या. 'डावीकडे कुठेतरी' वाचलं की बहुतेक जण म्हणतात, यातून काही नक्की कळत नाही, नंतर बघू. कळतं ना! चिबडांच्या उजवीकडे कोणीतरी बसलंय, म्हणून चिबूड 4 वर नाहीत. शांताच्या डावीकडे कोणीतरी आहे, म्हणून शांता 1 वर नाही. आणि त्या दोन वेगळ्या टोपल्या आहेत, म्हणजे चिबूड शांताचे नाहीत. एका 'काही कळत नाही' विधानातून तीन फुल्या. यातली तिसरी फुली मुलं हमखास विसरतात. विधानात दोन वस्तूंची एकमेकांशी तुलना केली असेल, तर त्या दोन्ही एकाच माणसाच्या असू शकत नाहीत, हे वेगळं सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या विधानातून चार फुल्या: विठू 1 वर नाही, 4 वर नाही, चिबूड नाही, सुपारी नाही. तिसऱ्यातून तीन: तोरिंजनं पार्वतीची नाहीत, ती 4 वर नाहीत, पार्वती 1 वर नाही. चौथ्यातून चार: मध्ये एक टोपली सोडायची आहे, तेव्हा सुपारी 3 आणि 4 वर मावत नाही, आंबाडे 1 आणि 2 वर मावत नाहीत.

एकदा वाचून झालं. 14 फुल्या आल्या, टिक एकही नाही. तुम्ही इथे असता तर कागद कोराच राहिला असता, कारण 'आहे' म्हणावं असं काहीच मिळालेलं नाही.

आता फुल्यांकडे बघा. जागा 4 च्या ओळीत चिबूड नाही, तोरिंजनं नाहीत, सुपारी नाही. उरले आंबाडे. पहिली टिक! जागा 1 च्या रकान्यात शांता नाही, विठू नाही, पार्वती नाही. उरला गोकुळदास. ज्याचं नाव कोणी घेतलं नाही, त्याचीच जागा सगळ्यात आधी ठरली. माझ्या पडवीत हे कोडं फळ्यावर सोडवते तेव्हा इथे दरवेळी कोणीतरी "अरे!" म्हणतं. तो क्षण मला फार आवडतो.

आंबाडे 4 वर गेले, म्हणून चौथ्या विधानाप्रमाणे सुपारी 2 वर. चिबूड आणि तोरिंजनं यांना 1 आणि 3 उरल्या, कोणाला कुठली ते अजून ठरलेलं नाही. आणि इथेच गाडी थांबते. विठू 2 किंवा 3 वर. शांता 2, 3, 4 पैकी कुठेही. तोरिंजनं 1 किंवा 3 वर, म्हणून तिसऱ्या विधानाप्रमाणे पार्वती 2 किंवा 4 वर. यापुढे विधानं पुन्हा वाचली तरी एकही नवीन काही देत नाही. तुमचा अंदाज इथे सुरू होत असणार.

विठूच्या ओळीकडे परत जा. त्याच्या आणि सुपारीच्या चौकोनात दुसऱ्या विधानाची फुली आहे. ती मांडली तेव्हा सुपारी कुठे आहे हे माहीत नव्हतं, म्हणून ती नुसतीच पडून होती. आता सुपारी 2 वर आहे हे कळलंय. मग जो सुपारीवाला नाही तो 2 वर बसलेला नाही. विठू आणि 2 यांच्या चौकोनात फुली. 1 आणि 4 आधीच गेलेत, म्हणजे विठू 3 वर. जागा 3 वर चिबूड किंवा तोरिंजनं, आणि चिबूड विठूचे नाहीत, म्हणून त्याच्याकडे तोरिंजनं. आता तिसरं विधान पुन्हा बोलतं: तोरिंजनं 3 वर, म्हणून पार्वती 4 वर, आंबाडे तिचे. चिबडांना 1 उरली, ते गोकुळदासचे. शांता 2 वर, तिच्याकडे सुपारी. पहिलं विधान ताडून बघा: चिबूड 1 वर, शांता 2 वर, बरोबर.

या सबंध कोड्याचा प्राण त्या एका फुलीत होता. एका चौकटीतली फुली दुसऱ्या चौकटीत नेणं, हेच ते काम. दोन गोष्टी एकाच टोपलीच्या ठरल्या, जसं सुपारी आणि जागा 2, की त्या दोघींच्या फुल्या सामायिक होतात. सुपारीला जे जमत नाही ते जागा 2 लाही जमत नाही, आणि उलटही. म्हणून मी मुलांना सांगते, टिक केली की आनंद मानून पुढे पळू नका. त्या टिकच्या दोन्ही बाजूंच्या ओळी समोरासमोर ठेवा आणि एकीत असलेली फुली दुसरीत आहे का बघा. नसेल तर मांडा. टिकमागे अर्धं मिनिट लागतं. अडलेल्या दहांपैकी आठ कोडी या अर्ध्या मिनिटात सुटतात असा माझा अनुभव आहे.

आणि विधानांवर रेघ मारणं आजपासून बंद करा. आपण तिसरं विधान तीनदा वापरलं: एकदा तीन फुल्यांसाठी, एकदा पार्वतीच्या जागा 2 किंवा 4 एवढ्यावर आणायला, आणि शेवटी तिला जागेवर बसवायला. पहिल्या वेळीच रेघ मारली असती तर दुसऱ्यांदा त्याच्याकडे बघितलंच नसतं. रेघ तेव्हाच मारा जेव्हा विधानातल्या दोन्ही गोष्टींच्या जागा पक्क्या झाल्यात. तोवर त्याच्या बाजूला नुसता एक ठिपका. दर नव्या टिकनंतर ठिपकेवाली विधानं वरून खाली वाचायची.

तुमच्यापैकी अनेकांनी पाच घरांचं ते प्रसिद्ध कोडं पाहिलं असेल, झेब्रा कोणाचा आणि पाणी कोण पितं, ते. व्हॉट्सअॅपवर ते आइनस्टाइनच्या नावाने फिरतं, लहानपणी त्याने रचलं म्हणून. त्याला काही आधार नाही. मूळ विधानांत कूल्स या सिगारेटचं नाव आहे आणि ती बाजारात आली 1933 मध्ये. आइनस्टाइनचा जन्म 1879 चा. ते कोडं लाइफ इंटरनॅशनल या नियतकालिकात 17 डिसेंबर 1962 ला छापून आलं, म्हणजे गोवा मुक्त होऊन वर्ष पुरं व्हायला दोन दिवस असताना. उत्तर 25 मार्च 1963 च्या अंकात आलं. पाच घरं, आणि प्रत्येकाचा रंग, माणसाचा देश, पेय, सिगारेट, प्राणी. मांडण्या होतात 2488 कोटी 32 लाख. विधानं 15, त्यांतलं पहिलं तर नुसतं 'पाच घरं आहेत' एवढंच सांगतं. आणि त्या 15 विधानांत झेब्राही नाही, पाणीही नाही. दोघांबद्दल फक्त प्रश्न आहे. आपला गोकुळदास तोच. बाकीचे चार प्राणी एकेक करून घरात गेले की प्राण्यावाचून राहिलेलं घर झेब्र्याचं, आणि बाकीची चार पेयं गेली की पेयावाचून राहिलेलं घर पाण्याचं. हे कोडं एकदा तरी वही घेऊन, एका बैठकीत, उत्तर न बघता सोडवा. परीक्षेत इतकं लांब येणार नाही, पण 'नाही' किती दूरवर नेतं ते हाताला कळेल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण वर दाखवलेला पूर्ण तक्ता सगळीकडे चालत नाही. बँकांच्या बहुतेक प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला, रीझनिंगच्या (तर्काच्या) भागाला 20 मिनिटं असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. तिथे आठ माणसं, आठ मजले आणि आठ शहरं असं कोडं आलं तर पूर्ण तक्त्याचे चौकोन 192 होतात. तो आखण्यातच वेळ जाईल. तिथे मी नुसते मजले वरून खाली लिहायला सांगते, आणि प्रत्येक मजल्यासमोर उजवीकडच्या समासात इथे कोण नाही ते. आठपैकी सहा नावं समासात गेली की त्या ओळीवर बोट ठेवायचं. पद्धत तीच आहे, फक्त तक्ता अंग चोरून बसलाय. गोल टेबलाभोवतीच्या कोड्यात तर टोकच नसतं, म्हणून 'डावीकडे'मधून टोकाच्या फुल्या मिळत नाहीत. तिथे कोणा एकाला हवं त्या खुर्चीवर बसवून टाका, त्याने काही बिघडत नाही, आणि बाकीचे त्याच्या मानाने मोजा. शक्यतो ज्याचं नाव सगळ्यात जास्त विधानांत आलंय त्याला बसवा.

अंदाजाबद्दलही सरळ सांगते. 'समजा असं धरलं तर' हा वाईट मार्ग नाही, पण तो अंदाजासारखा वापरू नका. एखाद्या गोष्टीला दोनच जागा उरल्या असतील तर त्यातली एक धरा, मूळ तक्त्याला हात न लावता बाजूला छोट्या रांगेत पुढे चालत जा. विसंगती आली, म्हणजे दोन माणसं एका खुर्चीवर आली किंवा एखाद्या वस्तूला जागाच उरली नाही, तर धरलेलं खोटं. त्याची पक्की फुली मूळ तक्त्यात मांडा. विसंगती आली नाही आणि वाट मध्येच संपली, तर त्यातून काहीही सिद्ध झालेलं नाही, आणि तिथे "जुळतंय की!" म्हणून थांबणं हीच ती दहा मिनिटांची चूक. पूर्ण मांडणी उभी राहिली आणि सगळी विधानं ताडून बरोबर आली, तर परीक्षेपुरतं ते उत्तर घ्या, कारण तिथे एकच उत्तर असतं. घरी सराव करताना मात्र दुसरी बाजू का पडते तेही शोधा. तीन किंवा जास्त पर्याय उरले असतील तर धरायला जाऊ नका. बहुतेक वेळा एखादी फुली पलीकडे न्यायची राहिलेली असते.

आणखी एक गोष्ट मराठीतून कोडी सोडवणाऱ्यांसाठी. आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'आंबाडे विकणारी टोकाला बसली' असं छापलं की आंबाडे गोकुळदासचे आणि विठूचे नाहीत, दोन फुल्या फुकट. पण कोडं रचणाऱ्याला तसं म्हणायचं होतं का? भाषांतरित प्रश्नपत्रिकेत बहुधा नसतं. इंग्रजीत नुसती व्यक्ती असते आणि मराठी करणारा सवयीने 'विकणारा' लिहून मोकळा होतो. मी एकदा वर्गात अशा 'णारा'वर भरवसा ठेवून अख्खं कोडं चुकीचं सोडवून दाखवलं, आणि एका मुलीने इंग्रजी प्रत पुढे केली तेव्हा चूक कळली. तेव्हापासून मी कोडी रचताना माणसाऐवजी टोपलीबद्दल बोलते, वर बघितलंत तसं. तुम्ही सोडवताना लिंगावरून फुली मांडू नका, आणि शंका आली तर इंग्रजी मजकूर बघा. 'डावीकडे' आणि 'लगेच डावीकडे' हा फरकही भाषांतरात कधीकधी हरवतो, तोही तिथेच तपासा.

राहता राहिली चुकीच्या फुलीची गोष्ट. एक चुकीची फुली मांडली की ती चूक शेवटपर्यंत जाते, आणि विसंगती दिसते तेव्हा ती कुठून आली हे कळत नाही. मुलं मग सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. शिरोड्याचा एक मुलगा यायचा, त्याने स्वतःच एक युक्ती काढली आणि मी ती तेव्हापासून सगळ्यांना शिकवते. तो फुली मारतच नसे. चौकोनात विधानाचा आकडा लिहायचा. विठू-सुपारीच्या चौकोनात 2, पार्वती-जागा 1 च्या चौकोनात 3. टिकमुळे आलेल्या किंवा पलीकडून आणलेल्या फुलीला आकड्याऐवजी ठिपका. काही बिघडलं तर आकडे बघून त्या त्या विधानाशी ताडायचं. सगळे आकडे बरोबर निघाले तर चूक ठिपक्यांत आहे, म्हणजे फक्त टिका तपासायच्या. त्याला चूक शोधायला एक-दीड मिनिट पुरायचं. बाकीचे तोवर नवा तक्ता आखत असायचे.

सरावाचं विचारलंत म्हणून: रोज दोनच कोडी करा, पण पहिले पंधरा दिवस घड्याळ न लावता. प्रत्येक टिकसमोर एका ओळीत कारण लिहा, जसं '4 वर आंबाडे, बाकी तिघं गेले'. जिथे कारण लिहिता येणार नाही तिथे तुम्ही अंदाज केलाय, एवढं लगेच कळेल. वेळ त्यानंतर लावा.

आज मात्र वरचंच कोडं पुन्हा घ्या. दुसऱ्या विधानातलं 'सुपारीही नाही' एवढं काढून टाका आणि किती मांडण्या उरतात ते शोधा. मग ते परत घालून 'चिबूड नाहीत' काढा, आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळा एकापेक्षा जास्त उरतील. त्यातल्या एका वेळी विठूची टोपली जागेवरून हलत नाही. ती कुठली वेळ आणि का, ते मला लिहून कळवा.